एक घराणं धरा: ग्रीक-रोमन कथा आणि नाटकांच्या अभ्यासाची सुरुवात

ग्रीक पुराणकथा शिकायच्या म्हटलं की बहुतेक जण देवांच्या यादीला हात घालतात. झ्यूस कोणाचा मुलगा, पोसायडन कशाचा देव, अथीनाचा पक्षी कोणता. दोन आठवड्यांत वही भरते, आणि तोवर एका नाटकाचं एक पानसुद्धा वाचून झालेलं नसतं. मीही असंच केलं होतं. मग होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, इलियड, उघडलं आणि दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत अडकलो: २९ तुकड्या, ११८६ जहाजं, प्रत्येक सरदाराचं गाव आणि बापाचं नाव. पुस्तक कपाटात गेलं ते वर्षभर बाहेर आलं नाही.

परत वळलो ते एका नाटकामुळे. त्या नाटकातल्या घरात काय चाललंय ते कळावं म्हणून मागचं वाचलं, पुढचं वाचलं, आणि त्या ओढीत होमरही आला, रोमन कवी ओव्हिडही आला. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: यादी सोडा, एक घराणं धरा. या लेखात मी ॲट्रियसचं घराणं घेतलंय. होमरपासून रोमन नाटककार सेनेकापर्यंत सगळ्यांनी त्याच्यावर लिहिलं आहे, आणि एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस या एथेन्सच्या तिन्ही थोर शोकात्मिकाकारांची त्यावरची नाटकं आज आपल्या हातात आहेत. अशी सोय फारच थोड्या घराण्यांच्या बाबतीत आहे.

आधी वंशावळ, तीही मराठीत

कोरा कागद घ्या. वर टँटलस लिहा. त्याचा मुलगा पेलॉप्स. पेलॉप्सचे दोन मुलगे, ॲट्रियस आणि थायस्टीस. थायस्टीसने भावाच्या बायकोशी संबंध ठेवले. ॲट्रियसने समेटाच्या नावाखाली त्याला जेवायला बोलावलं आणि त्याच्याच मुलांचं मांस त्याला वाढलं. ॲट्रियसचे मुलगे आगामेम्नॉन आणि मेनेलेअस. थायस्टीसचा वाचलेला मुलगा ईजिस्थस. आगामेम्नॉनची बायको क्लायटेम्नेस्ट्रा, मेनेलेअसची बायको हेलन.

आता नाती मराठीत लिहा, कारण इथे मराठी फार उपयोगी पडते. क्लायटेम्नेस्ट्रा आणि हेलन या बहिणी आहेत आणि सख्ख्या जावाही. हेलन ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याबरोबर त्याच्या शहरी गेली, म्हणून थोरला दीर सैन्य घेऊन निघाला, आणि वारा पडावा म्हणून त्याने स्वतःच्या मुलीचा, म्हणजे हेलनच्या भाचीचा, बळी दिला. ती इफिजेनिया. आगामेम्नॉन दहा वर्षं लांब असताना क्लायटेम्नेस्ट्राने ज्याला घरात घेतलं तो ईजिस्थस तिचा चुलतदीर. इंग्रजीत हे सगळे नुसते 'कझिन' नि 'इन-लॉ' होतात. जाऊ, दीर, भाची, मावशी हे शब्द लिहिले की कोणी कोणाचं काय मोडलं ते लगेच डोळ्यांसमोर येतं. खाली क्लायटेम्नेस्ट्राची मुलं लिहा: इफिजेनिया, इलेक्ट्रा, क्रायसोथेमिस, ओरेस्टीस.

कागद भिंतीला लावा. बाकीचे देव जसजसे कथेत येतील तसतसे आपोआप कळतील.

पहिलं नाटक: आगामेम्नॉन

एस्किलसचं 'आगामेम्नॉन' हे तीन नाटकांच्या मालिकेतलं पहिलं. मालिकेचं नाव 'ओरेस्टिया'. इ.स.पू. ४५८ मध्ये ती एथेन्सला डायोनिसस देवाच्या वसंतोत्सवात झाली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. पूर्ण टिकलेली ग्रीक नाट्यत्रयी ही एवढीच. तिच्याबरोबरचं चौथं, हलकंफुलकं सॅटर-नाटक हरवलं.

वाचण्याआधी रंगभूमीबद्दल एवढंच ध्यानात घ्या. एथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर, दिवसाढवळ्या प्रयोग होत. खाली गोल किंवा तत्सम मोकळी जागा, तिथे कोरस, म्हणजे गायकांचा ताफा, नाचतो आणि गातो. मागे एक इमारत, तिला दार. सगळे नट पुरुष, सगळ्यांना मुखवटे. बोलणारे नट फक्त तीन, तेच मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करतात. खून प्रेक्षकांसमोर सहसा होत नाही. तो दारामागे होतो, आतून किंकाळी येते किंवा निरोप्या येऊन सांगतो. मग चाकांच्या फळीवर प्रेतं बाहेर ढकलून आणतात. भरताच्या नाट्यशास्त्रानेही रंगमंचावर वध दाखवायला मनाई केली आहे, म्हणून आपल्याला हा संकेत परका वाटत नाही.

आता वाचा, आणि मोठ्याने वाचा. १६७३ ओळी आहेत. एका बैठकीत दोन-सव्वादोन तासांत होतात, आणि पहिल्यांदा एका बैठकीतच व्हायला हव्यात. कोरसच्या पहिल्या लांबलचक गाण्यात काही कळलं नाही तरी थांबू नका. ते गाणं कठीण आहे, सगळ्यांनाच कठीण जातं. त्यात इफिजेनियाचा बळी सांगितला आहे तेवढा भाग मात्र दोनदा वाचा: तोंडात बोळा कोंबलेली मुलगी, वडिलांच्या जेवणाच्या पंगतीत जी गायची, आता नुसत्या डोळ्यांनी प्रत्येक मारेकऱ्याकडे बघते आहे.

तीन जागांवर खूण करून ठेवा.

पहिली जागा सुरुवातीची. राजवाड्याच्या छपरावर पहारेकरी कुत्र्यासारखा कोपरांवर पडून आहे. वर्षभर तो एका जाळाची वाट बघतोय, कारण ट्रॉय पडलं की डोंगरामागून डोंगर पेटत तो निरोप इथवर यायचा आहे. जाळ दिसतो, त्याला आनंद होतो, आणि घराबद्दल बोलताना तो अचानक गप्प होतो. जिभेवर बैल बसलाय म्हणतो. बैल जिभेवर बसणं ही ग्रीकांची म्हण होती.

दुसरी जागा लाल-जांभळ्या वस्त्रांची. विजयी राजा रथातून उतरतो, बायको घरातली उंची वस्त्रं वाटेवर अंथरते आणि त्यांवरून चालत आत यायला सांगते. तो नको म्हणतो. काही ओळींत ती त्याला वळवते. तो पायताण काढून चालत जातो. ती त्याला नक्की कोणत्या वाक्याने हरवते ते शोधा. माझ्या मते अख्ख्या नाटकाचं मर्म या छोट्या वादात आहे, आणि दर वाचनात मला वेगळं वाक्य सापडतं.

तिसरी जागा कसांड्राची. ट्रॉयची राजकन्या, आता दासी, राजाच्या रथात बसून आली आहे. जवळपास तीनशे ओळी ती एक अक्षर बोलत नाही. क्लायटेम्नेस्ट्रा तिला आत बोलावते तरी गप्प. एथेन्सच्या प्रेक्षकांना वाटलं असणार, हे मूक पात्र आहे. आणि मग ती किंचाळते. अपोलोचं नाव घेते, या घरात शिजलेल्या मुलांचं बोलते, आत काय होणार ते आधीच सांगते. तिसरा नट तेव्हा रंगभूमीला अगदी नवा होता, आणि एस्किलसने तो असा दडवून वापरला.

शोकांतिका म्हणू नका

मराठीत 'शोकांतिका' हा शब्द रुळलाय, पण अभ्यासाला 'शोकात्मिका' बरा, आणि कारण नुसतं पांडित्याचं नाही. या नाटकांचा शेवट दुःखाचा असलाच पाहिजे असं एथेन्समध्ये कोणी मानत नव्हतं. ओरेस्टियाचं तिसरं नाटक मशालींच्या मिरवणुकीत, आशीर्वादांत संपतं. युरिपिडीसच्या 'टॉरिसमधली इफिजेनिया'त बहीणभाऊ सुखरूप निसटतात. शोक आत असतो, शेवटी असेलच असं नाही.

असाच जपून वापरायचा शब्द म्हणजे 'हॅमार्शिया'. शाळा-कॉलेजांच्या नोट्समध्ये त्याचा अर्थ 'नायकाच्या स्वभावातला दोष' असा दिलेला असतो. ॲरिस्टॉटलचा शब्द चुकीबद्दल आहे, नेम चुकण्याबद्दल. 'ह्युब्रिस'ही नुसता गर्व नव्हे. एथेन्सच्या कायद्यात तो दुसऱ्याचा अपमान करणाऱ्या दांडगाईचा गुन्हा होता, आणि त्यासाठी खटला भरता येत असे. ॲरिस्टॉटलचं मूळ 'काव्यशास्त्र' लहान आहे, विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणलं आहे. पण ते पाच-सहा नाटकं वाचून झाल्यावर उघडा. आधी वाचलं तर प्रत्येक नाटकात फक्त त्याच्या व्याख्या शोधल्या जातात.

दुसरं आणि तिसरं नाटक

क्लायटेम्नेस्ट्राने नवऱ्याला मारलं, त्याचा सूड घ्यायला दुसऱ्या नाटकात ओरेस्टीस परत येतो. बापाच्या थडग्यावर इलेक्ट्रा अर्घ्य वाहायला आली आहे, तिथे तिला केसांची बट दिसते, पावलांचे ठसे दिसतात, आणि भाऊ समोर आल्यावर तिच्याच हातचं विणलेलं वस्त्र दिसतं. यावरून ओळख पटते. हे तीन पुरावे वहीत लिहून ठेवा, लवकरच लागतील. याच नाटकात म्हातारी दाई येते आणि लहानग्या ओरेस्टीसचे लंगोट धुतल्याचं सांगून रडते. आई मात्र रडत नाही. आणि पायलाडीस नावाचा मित्र सबंध नाटकभर मुका वावरतो. आईने छाती उघडी करून 'या स्तनांवर तू वाढलास' म्हटल्यावर ओरेस्टीसचा हात थबकतो, तो मित्राला विचारतो, काय करू? पायलाडीस तीन ओळी बोलतो. नाटकातलं त्याचं बोलणं तेवढंच.

तिसऱ्यात मातृहत्येसाठी सूडदेवता ओरेस्टीसच्या मागे लागतात. एथेन्सच्या अरिओपागस टेकडीवर खटला उभा राहतो. अपोलो वकिली करताना म्हणतो की आई ही खरी जन्मदाती नव्हेच, ती फक्त बापाचं बीज सांभाळते. आपल्या धर्मशास्त्रातला बीज आणि क्षेत्राचा वाद ज्यांनी वाचलाय त्यांना हे ऐकून दचकायला होईल. मतं समसमान पडतात, अथीनाच्या मताने ओरेस्टीस सुटतो. इथे एक तारीख महत्त्वाची: प्रयोगाच्या तीन-चार वर्षं आधीच एथेन्समध्ये याच अरिओपागसच्या परिषदेचे राजकीय अधिकार काढून तिला मुख्यतः खुनाच्या खटल्यांपुरतं ठेवलं होतं. त्या वेळी शहर पेटलेलं होतं, एका नेत्याचा खूनही झाला होता. प्रेक्षक पुराणकथा बघत होते आणि कालपरवाचं राजकारणही.

आता खरा अभ्यास: कोण सांगतंय?

वहीच्या दोन पानांवर मिळून रकाने आखा. वर नावं: होमर, एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस, सेनेका. डाव्या बाजूला प्रश्न: राजाला कोणी मारलं? मुलीचं काय झालं? बहिणीने भावाला कसं ओळखलं? आईला मारल्यावर काय झालं? मग वाचत जा आणि भरत जा.

होमरच्या ओडिसीपासून भरा, ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ओडिसियसची ती कथा. पहिल्याच सर्गात झ्यूस तक्रार करतो की माणसं आपल्या पापाचं खापर देवांवर फोडतात, आणि उदाहरण देतो ते ईजिस्थसचं. तिथे खुनी म्हणून मुख्यतः त्याचंच नाव येतं. ओरेस्टीसने सूड घेतला याचं कौतुक होतं, आणि सूडदेवतांचा पत्ताच नाही. का? कारण ही गोष्ट ओडिसियसच्या मुलाला सांगितली जातेय: बघ, त्या पोराने बापासाठी काय केलं, तू काय करणार? अकराव्या सर्गात आगामेम्नॉनचं भूतच भेटतं आणि आपल्याला गोठ्यातल्या बैलासारखं जेवणाच्या वेळी मारलं म्हणतं. तिथे बायकोचा वाटा मोठा होतो, कारण ऐकणाऱ्या ओडिसियसच्या घरीही बायको वाट बघते आहे.

इलियडच्या नवव्या सर्गात आगामेम्नॉन आपल्याला तीन मुली आहेत असं म्हणतो. बळीचा उल्लेख कुठेही नाही.

मग इलेक्ट्रा. सोफोक्लीस आणि युरिपिडीस दोघांनीही या नावाचं नाटक लिहिलं, ती लागोपाठ दोन दिवसांत वाचा. सोफोक्लीसकडे भावाच्या मृत्यूची खोटी बातमी येते, रथांच्या शर्यतीचं लांब वर्णन येतं, आणि इलेक्ट्रा ज्याच्या अस्थिकलशाला कवटाळून आक्रोश करते तो समोर जिवंत उभा असतो. युरिपिडीसने तिचं लग्न एका गरीब शेतकऱ्याशी लावून दिलंय. तिथे म्हातारा नोकर बट, पाऊल आणि वस्त्र हे तिन्ही पुरावे पुढे करतो आणि इलेक्ट्रा एकेक मोडून काढते: कुस्ती खेळणाऱ्या पुरुषाचे केस आणि विंचरलेले बाईचे केस सारखे कसे असतील? खडकाळ जमिनीवर पाऊल कसं उमटेल? लहानपणीचं वस्त्र आता त्याला कसं येईल? शेवटी ओळख पटते ती भुवईवरच्या व्रणाने. एस्किलसला त्याच रंगभूमीवर दिलेलं हे उत्तर आहे, आणि वहीत ते तीन पुरावे लिहिलेले असतील तरच ते ऐकू येतं.

रकाने भरले की 'मूळ खरी कथा कोणती' हा प्रश्न गळून पडतो. अशी एक कथा कधी नव्हतीच. कीर्तनाला बसलेल्यांना आख्यान आधीपासून ठाऊक असतं, तरी बुवा ते कसं लावतात यासाठी लोक येतात. एथेन्सचे प्रेक्षकही त्यासाठीच येत.

होमरकडे जाताना

इलियड पूर्ण वाचायचंच आहे, पण पहिल्या फेरीत १, ६, ९, १६, २२ आणि २४ हे सर्ग घ्या. लाकडी घोडा त्यात शोधू नका, ग्रीक वीर अकिलीसची टाचही शोधू नका. इलियड हे युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या काही दिवसांचं काव्य आहे, अकिलीसच्या रागाने सुरू होतं आणि ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यसंस्काराने संपतं. 'चपळ पायांचा अकिलीस', 'गुलाबी बोटांची उषा' ही विशेषणं पुन्हा पुन्हा येतात म्हणून कंटाळू नका. मिल्मन पॅरी या अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि दाखवलं की अशी ठरीव पदं मौखिक गायकाच्या हातातली अवजारं असतात. ओव्या किंवा पोवाडे ऐकलेल्याला हे लगेच पटतं.

रोम

रोमनांना 'ग्रीकांची नक्कल' म्हणून बाजूला सारू नका. नावांची जोडी आधी करून घ्या: झ्यूस म्हणजे ज्युपिटर, अथीना म्हणजे मिनर्व्हा, आर्टेमिस म्हणजे डायना, ओडिसियस म्हणजे युलिसीस. सेनेकाचं 'थायस्टीस' वाचा, ते जेवण तिथे शेवटच्या घासापर्यंत सांगितलंय. सेनेका हा नीरोचा गुरू होता आणि त्याच्याच हुकमावरून इ.स. ६५ मध्ये त्याला जीव द्यावा लागला. हुकूमशहा कसा बोलतो हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. रोमन कवी ल्युक्रेशियस इफिजेनियाचा बळी सांगून म्हणतो की धर्माने माणसांकडून एवढी दुष्ट कृत्यं करवली. व्हर्जिलचं 'ईनिड' घेतलंत तर २, ४ आणि ६ हे सर्ग आधी. घोडा तुम्हाला दुसऱ्यात भेटेल. चौथ्यात वेडावलेल्या डायडो राणीची तुलना व्हर्जिल रंगमंचावर पाठलाग होणाऱ्या ओरेस्टीसशी करतो. ओव्हिडचं 'मेटामॉर्फोसिस' सलग वाचू नका, रोज झोपताना एक कथा.

अनुवाद आणि इतर सोयी

इंग्रजी अनुवाद दोन ठेवा. लॅटिमोर ओळीला ओळ धरून चालतो, बारकाईने वाचायला चांगला. फेगल्स मोठ्याने वाचायला चांगला. ओडिसीसाठी एमिली विल्सनचा २०१७ चा अनुवाद मी पहिला देतो, कारण तो वाहता आहे आणि दासींना दासीच म्हणतो. 'पर्सियस' या टफ्ट्स विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मूळ संहिता आणि जुने अनुवाद फुकट आहेत. लोएब मालिकेत डाव्या पानावर मूळ आणि उजव्यावर इंग्रजी असतं, हिरवी पुस्तकं ग्रीक, लाल लॅटिन. मराठीत पु. ल. देशपांड्यांचं 'राजा ओयदिपौस' आहे, ते मोठ्याने वाचून बघा.

शाळेत संस्कृत झालं असेल तर सहा महिन्यांनी ग्रीक लिपी शिका. २४ अक्षरं आहेत, आठवड्यात येतात. द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रयोग आहे, भूतकाळाला पुढे स्वर लागतो: आपलं 'अभरम्', त्यांचं 'एफेरॉन'. 'अस्ति' तिथे 'एस्ति' होतं. झ्यूस हा आपला द्यौस्, आणि ज्युपिटर म्हणजे द्यौष्पितर्. इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीस ज्या 'क्लेऑस आफ्थितॉन'बद्दल, अक्षय कीर्तीबद्दल बोलतो, तिचं भावंड ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे: 'श्रवः' आणि 'अक्षितम्'. तो शब्द पहिल्यांदा मुळात वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. भाषा मात्र एकमेकींच्या बहिणी आहेत म्हणून देवही तेच आहेत असं समजून झ्यूस म्हणजे इंद्र, हेरा म्हणजे शची असे तक्ते करू नका. त्याने दोन्हीकडचे देव पुसट होतात.

कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती जरूर पाहा. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट गावच्या यवनांनी (हा शब्द तेव्हा ग्रीकांसाठी वापरत) दिलेल्या खांबांवर त्यांची नावं कोरलेली आहेत.

चौघं जमवा

एकट्याने वाचण्यापेक्षा चौघांत वाचा. तिघांनी नटांची कामं वाटून घ्यायची, एथेन्समध्ये होती तशीच, एकेकाकडे दोन-तीन पात्रं. चौथा कोरस. आगामेम्नॉन आणि कसांड्रा वेगवेगळ्या माणसांकडे द्या, कारण दोघं एकाच वेळी रथात असतात. मध्ये चहा घ्यायचाच असेल तर राजा आत गेल्यावर नको, तिथे तुटलं की तुटलं. पहारेकऱ्याच्या भाषणानंतर घ्या.

हे घराणं तीन-चार महिने पुरतं. पुढचं थिबीझचं: 'राजा ईडिपस', मग 'कोलोनसचा ईडिपस', मग 'अँटिगनी'. ही तिन्ही सोफोक्लीसची असली तरी त्रयी नव्हे. 'अँटिगनी' त्याने कितीतरी आधी लिहिलं, 'कोलोनस' अगदी म्हातारपणी, आणि त्याचा प्रयोग तो गेल्यावर झाला. त्यामुळे एका नाटकातला क्रेऑन दुसऱ्यातल्या क्रेऑनशी जुळला नाही तर गोंधळू नका, त्याच्या नावाचाही एक रकाना आखा.